कोवलम : समुद्र इकडे, संगणक तिकडे

कोवलम म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे केरळ येतं. त्रिवेंद्रमजवळचा किनारा, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं दीपगृह आणि सहलकंपन्यांच्या जाहिरातीतली ती माडांची रांग! पण हे कोवलम ते नव्हे. हे कोवलम आहे तामिळनाडूत, चेन्नईच्या दक्षिणेला, समुद्राला चिकटून जाणाऱ्या ईस्ट कोस्ट रोडवर, शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर. इंग्रजांच्या जिभेला 'कोवलम' झेपलं नाही, म्हणून त्यांच्या दप्तरात ते 'कोव्हलाँग' झालं. महाबलीपुरमला निघालेल्या सहलीच्या बसगाड्या या गावावरून भरधाव जातात. गाडीतल्यांचं लक्ष पुढच्या दगडी रथांवर असतं. थांबतो तो सर्फिंग करणारा, दर्ग्याला आलेला, नाहीतर ज्याचा मुलगा किंवा मुलगी जवळच 'शिकायला' आहे तो.

हे 'शिकायला' काय प्रकरण आहे, ते पुढे येईलच. आधी गाव.

कोवलम मुळात कोळ्यांचं गाव. पहाटे होड्या वाळूला लागतात, जाळी झटकली जातात, मासळीचा लिलाव होतो आणि ऊन चढायच्या आत सगळा बाजार आटोपतो. पूर्वी इथं 'कट्टुमरम' चालायची. कट्टू म्हणजे बांधणं, मरम म्हणजे लाकूड. ओंडके दोरानं आवळून केलेलं साधं वाहन. इंग्रजीतला 'कॅटामरान' हा शब्द थेट इथल्याच भाषेतून उचललेला. आता ओंडक्यांची जागा फायबरच्या होड्यांनी घेतली आहे.

या लहानशा गावाच्या वाट्याला इतिहास मात्र भरपूर आला. अर्काटच्या नवाबाच्या काळात हे बंदर होतं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातल्या ऑस्टेंड कंपनीनं इथं वखार थाटली. इंग्रज, डच, फ्रेंच आपल्याला शाळेत भेटतात; ही ऑस्टेंड कंपनी कुठल्याच परीक्षेला येत नाही! पुढे किल्ला फ्रेंचांच्या हाती गेला. १७५२ साली रॉबर्ट क्लाइव्हनं तो घेतला आणि जमीनदोस्त केला. त्या किल्ल्याच्या जागेवर आता ताज समूहाचं 'फिशरमन्स कोव्ह' हे हॉटेल आहे. गावात कार्मेल मातेचं चर्च आहे, हजरत तमीम अन्सारी यांचा दर्गा आहे, देवळं आहेत. दर्ग्याला येणाऱ्यांत हिंदूही असतात.

नवं कोवलम ओळखलं जातं ते लाटांवर फळी घेऊन उभ्या राहणाऱ्या पोरांमुळे. मूर्ती मेगवन या इथल्याच कोळी तरुणानं सर्फिंगची शाळा उभी केली. २०१३ पासून इथं सर्फिंगचा मेळाही भरू लागला. २०२१ साली या किनाऱ्याला स्वच्छता आणि सुरक्षेसाठीचं 'ब्लू फ्लॅग' हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालं. ज्या पोरांचे बाप लाटांशी पोटासाठी झगडले, ती पोरं आता त्याच लाटांवर पाहुण्यांना उभं राहायला शिकवतात.

लाटेची उंची कोण सांगतं?

समुद्रावर जाणाऱ्या माणसाला पूर्वी वारा, ढग आणि पाण्याचा रंग सांगायचा. आता त्यांच्या जोडीला मोबाईलही सांगतो. उद्या लाटा किती फुटांच्या, वारा कुठून, मासळी कुठल्या दिशेला किती अंतरावर मिळण्याचा संभव, हे सगळं. यामागची मुख्य संस्था हैदराबादला आहे, 'इन्कॉइस' या नावानं ओळखली जाणारी केंद्र सरकारची महासागर माहिती सेवा. तिचं काम कसं चालतं हे समजून घेण्यासारखं आहे. उपग्रह समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान मोजतो आणि पाण्याच्या रंगावरून त्यातलं हरितद्रव्य. जिथं थंड आणि उबदार पाणी भेटतं, तिथं बारीक वनस्पती वाढतात. त्या खायला लहान मासे आणि लहानांना खायला मोठे. मग कोणत्या बंदरापासून कोणत्या दिशेला, किती किलोमीटरवर आणि किती खोल पाण्यात जाळं टाकावं, याचा सल्ला निघतो.

आपल्या रायगड जिल्ह्यातल्या कोळ्यांनाही अशी माहिती मराठीतून मोबाईलवर मिळावी म्हणून 'टीसीएस'च्या मुंबईतल्या प्रयोगशाळेनं केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था आणि इन्कॉइस यांच्या साथीनं 'एमकृषी' नावाचा उपक्रम चालवला होता. डिझेल जाळून समुद्रभर मासळी शोधत फिरण्यापेक्षा नेमकं जावं आणि परत यावं, हा हेतू.

याची सुरुवात किती साध्या साधनांनी झाली होती! १९९८ च्या सुमारास एम. एस. स्वामीनाथन यांच्या चेन्नईतल्या संस्थेनं पुदुच्चेरीच्या खेड्यांत माहिती केंद्रं सुरू केली. वीरमपट्टिणम या कोळीवाड्यात लाटांचा अंदाज चक्क अमेरिकन नौदलाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यायचे आणि ध्वनिक्षेपकावरून तमिळमध्ये ओरडून सांगायचे. पुढे २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी त्सुनामीची लाट या अख्ख्या किनाऱ्यावर चालून आली. कोवलमही तिच्या वाटेत होतं. त्या दिवशी पुदुच्चेरीच्या नल्लवाडू गावात सिंगापूरहून एका गावकऱ्याचा फोन आला, केंद्रातला ध्वनिक्षेपक वाजला आणि लोक वेळेत बाहेर पडले. देशाचं स्वतःचं त्सुनामी इशारा केंद्र २००७ साली हैदराबादला उभं राहिलं.

आता प्रश्न असा, की हे सारं करणारा माणूस कोणत्या कॉलेजात तयार होतो? नुसता समुद्रशास्त्रज्ञ ते करू शकत नाही, कारण उपग्रहाकडून येणाऱ्या आकड्यांचा डोंगर त्याला उपसता येत नाही. नुसता संगणकवाला करू शकत नाही, कारण आकडा खरा की यंत्राची चूक, हे त्याला कळत नाही. त्यातून 'संभव किती' हे ठरवायला संख्याशास्त्र हवं. तीन शास्त्रं एका डोक्यात, निदान एका खोलीत, यावी लागतात. विद्यापीठांच्या भाषेत याला 'आंतरविद्याशाखीय' म्हणतात. शब्द जिभेला पीळ पाडणारा खरा, पण त्याचा अर्थ कोवलमच्या होडीवाल्याच्या खिशात वाजतो.

खाडी ओलांडली की

कोवलमहून पश्चिमेला केळंबाक्कमकडे रस्ता जातो. दोन्ही बाजूंना खाडीचं पाणी आणि मिठागरं. आपल्याकडच्या उरण-पेणच्या माणसाला ओळखीचंच वाटेल असं दृश्य. हिवाळ्यात इथं रोहित पक्षी उतरतात, चित्रबलाक आणि झोळीवाले पेलिकनही. मधेच एकोणिसाव्या शतकातला बकिंगहॅम कालवा लागतो. रेल्वे येण्याआधी मीठ आणि जळण या कालव्यातून होड्यांनी मद्रासला जायचं.

एवढं शांत पाणी ओलांडलं की माणूस एकदम दुसऱ्याच जगात पडतो. जुना महाबलीपुरम रस्ता! त्याला आता राजीव गांधी सलाई म्हणतात. लोकांच्या तोंडी मात्र 'ओएमआर'च. चेन्नईच्या सॉफ्टवेअर धंद्याचा हा कणा. केळंबाक्कमपासून थोडं उत्तरेला शिरुसेरी. इथं 'सिपकॉट' या सरकारी महामंडळाची माहिती-तंत्रज्ञान वसाहत आहे आणि तिच्यात टीसीएसचा तो अवाढव्य परिसर, दुरून फुलपाखराच्या पंखांसारखा दिसणारा. सकाळ-संध्याकाळ कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग लागते. आपल्या हिंजवडीची आठवण यावी, कोंडीसकट!

याच वसाहतीत एक लहानशी संस्था आहे. फाटकावर गर्दी नाही, काचेचा मनोरा नाही. नाव : चेन्नई मॅथमॅटिकल इन्स्टिट्यूट, 'सीएमआय'. कोवलमच्या वाळूपासून रस्त्यानं सुमारे दहा किलोमीटर. शेजारच्या इमारतींत हजारो माणसं संगणकाकडून काम करून घेतात. इथं काही शे मुलं संगणक मुळात काय करू शकतो आणि काय कधीच करू शकणार नाही, याचा अभ्यास करतात, आणि तोही बराचसा खडू-फळ्यावर.

या संस्थेचं मूळ शोधायला गेलं तर वाट मुंबईला येते. सी. एस. शेषाद्री यांचा जन्म १९३२ चा, कांचीपुरमचा. लहानपण गेलं चेंगलपट्टूला. कोवलम आज ज्या जिल्ह्यात आहे, त्याचंच ते मुख्य ठिकाण. मद्रासच्या लोयोला कॉलेजात शिकून ते १९५३ साली मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले. मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. १९५८ ची. एम. एस. नरसिंहन यांच्याबरोबर १९६५ साली त्यांनी मांडलेला सिद्धांत भूमितीत आणि पुढे भौतिकशास्त्रातही पायाचा दगड ठरला. तीस वर्षं मुंबईत काढून १९८४ साली ते चेन्नईला परतले आणि १९८९ साली 'स्पिक' या खतउद्योगाच्या विज्ञान प्रतिष्ठानात गणिताचं एक केंद्र सुरू केलं. टी. नगरच्या गजबजलेल्या जी. एन. चेट्टी रस्त्यावर भाड्याच्या जागेत ते अनेक वर्षं चाललं. रीतसर कर्नाटक संगीत शिकलेला हा गणिती. त्यांच्या गाण्याच्या आठवणी चेन्नईत अजून सांगतात.

शेषाद्रींनी दोन धाडसं केली. एक, गणिताच्या शेजारी सैद्धांतिक संगणकशास्त्राला बरोबरीची जागा दिली. दुसरं, १९९८ साली बी.एस्सी. सुरू केली, 'गणित आणि संगणकशास्त्र' अशी जोडविषयाची. संशोधन संस्थांनी पदवीच्या मुलांना शिकवायचं नसतं, असा तेव्हा आपल्याकडे समज होता. संस्थेला स्वतःच्या पदव्या देण्याचाही अधिकार नव्हता. त्या मध्य प्रदेशातल्या भोज मुक्त विद्यापीठातर्फे दिल्या जायच्या. २००५ साली संस्था शिरुसेरीला आली आणि त्यानंतर अभिमत विद्यापीठ झाली. खर्च चालतो तो केंद्राच्या अणुऊर्जा विभागाचं अनुदान आणि खासगी देणग्या यांवर. शेषाद्रींना २००९ साली पद्मभूषण मिळालं; २०२० साली ते गेले. २०२१ पासून संचालकपदाची धुरा आली ती माधवन मुकुंद यांच्याकडे. ते गडी संगणकशास्त्राचे, आणि बी.टेक. आयआयटी मुंबईचे.

दोन्हीकडून येणाऱ्यांची दमछाक

पदवीनंतर इथं संगणकशास्त्राची दोन वर्षांची एम.एस्सी. आहे आणि २०१८ पासून 'डेटा सायन्स'ची. पहिलीसाठी बी.ई., बी.टेक., संगणकशास्त्राची बी.एस्सी. किंवा संगणकाची चांगली बैठक असलेली गणिताची बी.एस्सी. चालते. दुसरीसाठी गणित, संख्याशास्त्र आणि संगणक यांची पार्श्वभूमी हवी. दोन्हींना प्रवेश परीक्षा आहे.

या दारातून आत येणारी मुलं दोन जातकुळींची असतात. एक इंजिनीअर. चार वर्षं प्रोग्रॅम लिहून हात साफ झालेला. प्रोग्रॅम चालला की विषय संपला, ही सवय. त्याला पहिल्याच महिन्यात कळतं की इथं 'चालतो' हे उत्तर पुरत नाही, 'नेहमी चालेलच हे सिद्ध कर' असं सांगतात. दुसरी गणिताची पदवीधर. तिला सिद्धता येते, पण हजार ओळींचा प्रोग्रॅम मध्यरात्री का अडला, हे शोधताना डोळ्यांत पाणी येतं. आंतरविद्याशाखीय शिक्षणाची जाहिरात करणारे लोक दोन विषयांचा 'संगम' वगैरे म्हणतात. प्रत्यक्षात पहिलं वर्ष संगमाचं नसतं, दोन्ही नद्या पोहून जायचं असतं. दोन विषयांचं थोडं थोडं येणं म्हणजे ही पदवी नव्हे. दोन्हींची शिस्त अंगी लागते, तेव्हा कुठं मधली जागा दिसू लागते.

ती मधली जागा कशी असते, याचं एक उदाहरण मराठी माणसांच्याच नावावर आहे, आणि त्याचा धागा शिरुसेरीपर्यंत येतो.

समजा, लग्नघरी शंभर पाहुणे आहेत आणि तीन पंगती उठवायच्या आहेत. कोणाचं कोणाशी वाकडं आहे, याची यादी यजमानीण बाईंकडे आहे. एकाही पंगतीत भांडणारी जोडी येता कामा नये. कोणी तयार वाटणी हातात दिली, तर ती बरोबर आहे की नाही हे तपासायला पाच मिनिटं पुरतात. पण ती वाटणी शोधायची कशी? शंभर माणसं तीन पंगतींत वाटण्याचे मार्ग ४८ आकडी संख्येइतके आहेत. (गंमत म्हणजे पंगती दोनच असतील तर काम सोपं आहे. तिसरी पंगत आली की घोळ!) जे चटकन तपासता येतं, ते चटकन शोधताही येतं का? संगणकशास्त्रातला हा सर्वांत मोठा अनुत्तरित प्रश्न. २००० साली अमेरिकेतल्या क्ले संस्थेनं त्याच्या उत्तरासाठी दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं. ते अजून तसंच आहे. बँकेच्या व्यवहारांची गुप्तता, रेल्वेचं वेळापत्रक, औषधांची जुळणी, सगळ्यांचे धागे या प्रश्नात गुंतलेले.

केतन मुलमुले हे आयआयटी मुंबईचे विद्यार्थी, पुढे शिकागो विद्यापीठात प्राध्यापक. मिलिंद सोहोनी आयआयटी मुंबईच्या संगणकशास्त्र विभागात. या दोघांनी २००१ साली एक लेख प्रसिद्ध केला. कल्पना अशी, की हा संगणकाचा प्रश्न भूमितीत नेऊन सोडवावा. बारावीच्या मुलांना निश्चयक माहीत असतो. त्यात काही पदं अधिक, काही उणे. सगळ्या पदांची चिन्हं अधिक केली की जे मिळतं त्याला 'पर्मनंट' म्हणतात. दिसायला अधिक सोपं, पण निश्चयक संगणकाला पटकन काढता येतो आणि पर्मनंट काढताना त्याची बोबडी वळते! का? मुलमुले-सोहोनी म्हणाले, दोघांच्या अंगी असलेल्या सममिती तपासा, उत्तर तिथं असेल. आणि या सममितींचा अभ्यास करणारी गणिताची शाखा ती, जिच्यात शेषाद्रींनी आयुष्य घातलं होतं. शुद्ध गणितासाठी केलेलं काम संगणकाच्या दारात असं उभं राहिलं. सीएमआयमधले के. व्ही. सुब्रह्मण्यम, आयआयटी मुंबईचे भरत अडसूळ आणि सोहोनी यांनी मिळून या वाटेवर काम केलं.

प्रश्न सुटला का? नाही. २०१६ साली युरोप-अमेरिकेतल्या संशोधकांनी या वाटेचा एक फाटा पुढे बंद आहे, असं सिद्धच केलं. इतर फाटे खुले आहेत. 'मग उपयोग काय?' असं विचारणाऱ्यांसाठी सोहोनींचाच पुढचा प्रवास सांगावा लागेल. ते आयआयटी मुंबईच्याच ग्रामीण तंत्रज्ञान केंद्राकडे, 'सितारा'कडे, वळले. भूमितीतून थेट विहिरीत! पाऊस किती पडला, मातीनं किती धरला, पिकानं किती घेतला, विहिरीपर्यंत किती पोचला, याचा गावपातळीवरचा हिशेब करायची पद्धत त्यांच्या गटानं बसवली. विदर्भ-मराठवाड्यातल्या दुष्काळप्रवण गावांसाठीच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात ती वापरात आली. शाखा बदलायला माणूस घाबरत नाही, तो आधी एका शाखेत खोल गेलेला असतो म्हणून.

पुणं मागे नव्हतं

हे सगळं मद्रासकडेच घडतं, असा समज करून घेण्याचं कारण नाही. पुणे विद्यापीठात १९८७ साली 'बायोइन्फर्मेटिक्स' केंद्र सुरू झालं, तेव्हा हा शब्द कित्येक जीवशास्त्रज्ञांनीही ऐकला नव्हता. अशोक कोळस्कर त्याचे धुरीण. पुढे ते त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९९० साली कोळस्कर आणि प्रसाद टोंगावकर यांनी एक पद्धत प्रसिद्ध केली. एखाद्या प्रथिनाच्या लांबलचक साखळीतला नेमका कोणता तुकडा शरीराची प्रतिकारशक्ती ओळखेल, याचा अंदाज ती बांधते. लशीवर काम करणारे आजही ती दोन मराठी आडनावं घेतात. चेन्नईतच तारामणीला असलेल्या गणितीय विज्ञान संस्थेत संगणकीय जीवशास्त्रावर संशोधन चालतं. आयआयटी मद्रासमध्ये बी.टेक.च्या मुलाला मूळ शाखा कोणतीही असली, तरी पाचवं वर्ष घालून डेटा सायन्ससारख्या मिश्र विषयात एम.टेक. पदरात पाडून घेता येतं. वाटा आहेत. फक्त त्या कोचिंग क्लासच्या फलकावर लिहिलेल्या नसतात.

घरातली अडचण वेगळीच आहे. मुलगा इंजिनीअरिंगला आहे, हे पेढे वाटून सांगतात. तो नोकरी सोडून 'एम.एस्सी. करायला मद्रासला चाललाय' म्हटलं, की पाहुणे आवाज खाली आणून विचारतात, "का हो, कॅम्पसमध्ये लागला नाही का?" आणि मुलगी असेल तर प्रश्न थेट लग्नाच्या वयापाशी येऊन थांबतो. पालकांची काळजी खोटी नाही. शिरुसेरीच्या रस्त्यावरून ज्या कंपनीच्या बस जातात, त्यांत पोरगा आज बसू शकतो. दोन वर्षांनी काय, हे कोण सांगणार?

धोके आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. प्राध्यापकाच्या जागेच्या जाहिरातीत 'संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी' असा शब्द असतो. मिश्र पदवीचा उमेदवार समोर आला की 'संबंधित' म्हणजे नेमकं काय, यावर खल सुरू होतो. गणितवाले त्याला संगणकाचा म्हणतात आणि संगणकवाले गणिताचा. म्हणून पदवीच्या नावावर कोणता विषय छापलेला असेल, हे प्रवेश घेण्याआधी बघावं. दुसरं, 'डेटा सायन्स' हे नाव बाजारात इतकं चाललंय की गल्लीबोळांत त्याचे अभ्यासक्रम निघाले आहेत. कोणत्याही संस्थेचा अभ्यासक्रम हातात घेऊन संभाव्यता आणि रेषीय बीजगणित किती तास आहे, ते मोजावं. चार व्याख्यानांत ते उरकलेलं असेल, तर पत्रक परत घडी घालून ठेवावं. तिसरं, या पदवीनंतर काही जण कंपन्यांत जातात, काही पीएच.डी.ला; दुसऱ्या वाटेनं गेलेल्याचा पगार तिशीजवळ येईपर्यंत सुरू होत नाही. घरची स्थिती त्याला झेपणारी आहे का, हे मुलाशी स्पष्ट बोलावं. शुल्कात सवलत मिळू शकते का, हे विचारायला लाजू नये.

सीएमआयची प्रवेश परीक्षा साधारण मे महिन्यात, देशभरातल्या केंद्रांवर होते. अर्ज त्याच्या कितीतरी आधी भरावा लागतो. जुने प्रश्नसंच संस्था स्वतःच उपलब्ध करून देते. मुलानं त्यातला एक संच शांतपणे सोडवायला बसावं. पाच प्रश्नांपैकी एकही सुटला नाही तरी चालेल. पण तीन तास कसे गेले हे कळलं नसेल, तर ती खूण चांगली. कंटाळून उठला असेल, तर तीही खूणच.

वर्ग ऑगस्टमध्ये भरतात. मुंबईहून सोलापूर, वाडी, रायचूर, गुंतकलमार्गे येणारी गाडी साधारण एका दिवसात चेन्नईला पोचवते. वसतिगृहात सामान टाकलं, गादी-बादली घेतली, की आईवडिलांना संध्याकाळ मोकळी असते, आणि मग ती मंडळी कोवलमला येतात. खाडीच्या रस्त्यानं रिक्षा मिळते. ऑगस्टच्या सुमारास पाणी सर्फिंगला चांगलं असतं, म्हणजेच पोहायला बेताचं. दिसतं त्यापेक्षा ओढ जास्त असते, लहान मुलांना पाण्यात सोडू नये. ऑक्टोबर ते डिसेंबर हा इकडचा खरा पावसाळा. आपल्याकडे दिवाळीचं कोरडं ऊन असतं, तेव्हा इथं रस्ते तुंबलेले असतात. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. पक्षीही तेव्हाच.

हाती एक दिवस जास्त असेल, तर उत्तरेला मुट्टुकाडूच्या खाडीत होडी मिळते आणि जवळच 'दक्षिणचित्र' आहे. केरळ, तामिळनाडू, कर्नाटक, आंध्रमधली जुनी घरं मोडताना त्यांचे खांब, तुळया, कौलं उचलून आणून इथं पुन्हा उभी केलेली. १९९६ साली ते सुरू झालं. अर्धा दिवस सहज जातो. फक्त मंगळवारी जाऊ नये, त्या दिवशी बंद असतं.